दोन मॉनिटरचं टेबल: आधी भिंतीतला सॉकेट, मग मॉनिटर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात फ्लॅट, १० बाय ११ फुटांची खोली, खिडकी पश्चिमेला. जीएसटीची विवरणपत्रं भरायचं काम घरून करता. विंडोजचा लॅपटॉप आहे, २४ इंची एक मॉनिटर आहे आणि आता २७ इंची दुसरा घ्यायचाय. टेबल ४ बाय २ फुटांचं, तयार घेतलेलं. सॉकेट पलंगाशेजारी, टेबलापासून ८ फुटांवर. टेबलाखाली वायरींचा असा गुंता की फरशी पुसायला येणाऱ्या मावशी तिथे हातच घालत नाहीत. आणि विचारलंय ते एवढंच, की मॉनिटर कोणता घेऊ आणि आर्म, म्हणजे मॉनिटर टेबलावर अधांतरी धरणारा हात, कोणता घेऊ.

त्या दोन्हींची उत्तरं पुढे देतो, पण आधी मावशींचं ऐकू. गेली १७ वर्षं मी कामाची टेबलं बसवतोय. पूर्वी ऑफिसांमधली, २०२० च्या लॉकडाउनपासून जास्त करून घरांमधली. ऑफिसात टेबलाखाली वायरींचं भेंडोळं पडून राहिलं तरी कुणाचं अडत नाही. घरात रोज केर निघतो, रोज फरशी पुसली जाते. वायर जमिनीवर असेल तर एक तर ती रोज ओढली जाते, किंवा तिच्याभोवती महिनोन्‌महिने धूळ साठते, आणि उबदार अ‍ॅडाप्टरच्या आडोशाला झुरळं येतात. म्हणून माझी कसोटी एकच: ओलं फडकं टेबलाखालून सरळ भिंतीपर्यंत फिरलं पाहिजे. एकही वायर, एकही अ‍ॅडाप्टर जमिनीला टेकता कामा नये. हे साधलं की वरचं टेबल निम्मं आपोआप आवरतं, कारण सगळ्या वायरींना जायला ठरलेली जागा मिळालेली असते.

त्यासाठी भिंतीतून टेबलाकडे वीज एकाच वायरीने आली पाहिजे. मी तिला टेबलाची नाळ म्हणतो. बाकी सगळं त्या नाळेवर, टेबलाच्या पोटाशी. तुमची नाळ आज ८ फूट लांब आहे आणि पलंगाखालून येते, म्हणून पहिला खर्च मॉनिटरवर नको, इलेक्ट्रिशियनवर करा. पलंगाकडच्या बोर्डातून पांढऱ्या पीव्हीसी पट्टीतून वायरिंग टेबलामागे आणून घ्या आणि तिथे स्विचसह ६ अँपिअरचे दोन सॉकेट बसवा, जमिनीपासून साधारण २ फुटांवर, म्हणजे टेबलाच्या फळीच्या जरा खाली. भिंत फोडायची गरज नाही, तासा-दोन तासांचं काम आहे. वायर १.५ चौरस मिमीची आणि तिसरी, हिरवी, अर्थिंगची वायर त्यात हवीच. १६ अँपिअरचा जाड सॉकेट लागत नाही: २७ इंची मॉनिटर साधारण ३० वॅट खातो, २४ इंची २०, लॅपटॉपचा अ‍ॅडाप्टर ६५, राउटर १०-१२. फोनचा चार्जर धरूनही सगळं मिळून दीडशे वॅटच्या आसपास. ६ अँपिअरच्या सॉकेटची क्षमता १,३८० वॅट आहे.

इलेक्ट्रिशियन आलाच आहे तर अर्थिंग तपासून घ्या. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर मनगट ठेवलं की मुंग्या आल्यासारखं होतं का? अनेक घरांत होतं आणि लोक ते चालवून घेतात. कारण बहुधा अर्थिंग नसणं, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीत खुपसलेला असणं. मल्टिमीटरने फेज आणि अर्थ यांच्यामधला व्होल्टेज मोजायला सांगा. तो फेज आणि न्यूट्रलमधल्याइतकाच, म्हणजे २३० च्या आसपास यायला हवा, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्टपेक्षा फार जास्त दिसू नये. अर्थिंग नसेल तर स्पाइक गार्डवर, म्हणजे विजेचा वाढीव दाब अडवणाऱ्या एक्स्टेंशनवर, घातलेल्या पैशांतले बरेचसे वाया जातात, कारण वाढीव दाबाला जमिनीकडे जायची वाटच उरत नाही. आणि एक्स्टेंशनला एक्स्टेंशन कधीही जोडू नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तसे तीन दिसतायत, ते पहिल्याच दिवशी निघाले पाहिजेत.

आता टेबल. इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि मॉनिटर मी इथेच गेलेले पाहिलेत. तयार टेबलांच्या फळ्या बहुतेक पार्टिकल बोर्डच्या असतात, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, वर चकचकीत थर. लॅपटॉप ठेवायला त्या उत्तम. मॉनिटर आर्मचा क्लॅम्प मात्र मागच्या कडेवर तळहाताएवढ्या जागेत सगळं वजन टाकतो, तेही तोलून धरलेलं, पुढे ओढणारं. काही वर्षांपूर्वी वाकडमधल्या एका घरी मी अशाच १६ मिमीच्या फळीवर दोन मॉनिटरचा आर्म बसवून दिला. फळी वरून ठणठणीत दिसत होती. पहिल्या पावसाळ्यात कडेचा बोर्ड दमट होऊन फुगला, क्लॅम्पखाली दबला आणि एका रात्री दोन्ही मॉनिटर पुढे कलंडून कीबोर्डवर आले. एकाचा पॅनेल गेला, तो मी भरून दिला. तेव्हापासून पार्टिकल बोर्डवर आर्म लावत नाही. काचेच्या टेबलावर तर मुळीच नाही.

तुम्ही सुताराकडून ५ बाय अडीच फुटांची फळी करून घ्या. १९ मिमी प्लायवूड, बीडब्ल्यूआर प्रतीचं, म्हणजे उकळतं पाणीही सोसणारं. साधं एमआर, म्हणजे नुसता दमटपणा सोसणारं, प्लाय कोरड्या खोलीत चालतं, पण पश्चिमेची भिंत पुण्यात पावसाचा मारा खाते, म्हणून एक पायरी वरचं घ्या. वरून मॅट सनमायका, फिकट रंगाचा. चकचकीत घेतलात तर खिडकीचा उजेड टेबलावरूनच डोळ्यांत येईल. ८ बाय ४ च्या एका शीटमध्ये ही फळी बसते आणि उरलेल्या तुकड्यांत यूपीएसची मांडणी आणि बाजूची छोटी फळी निघते. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये शीट घेऊन तिथूनच कापून आणता येते. मागच्या कडेला खालून ४ इंच रुंदीची प्लायची पट्टी डिंक आणि स्क्रू मारून दुहेरी करा, म्हणजे क्लॅम्पला ३८ मिमीची जाडी मिळेल. ५ फुटांची फळी मध्ये वाकू नये म्हणून खाली लोखंडी चौकोनी पाइपची चौकट हवी, पण त्या चौकटीचा मागचा पाइप फळीच्या कडेपासून ४ इंच आत घ्यायला सांगा. कडेलगत घेतला तर क्लॅम्प अडकवायला जागाच राहत नाही, आणि फॅब्रिकेटर न विचारता तसाच घेतो.

सुतारही न विचारता उंची ३० इंच करतो. तुम्ही उंची ५ फूट १ इंच लिहिलीय. तुम्हाला ३० इंच जास्त होतात. मग खांदे वर उचलून टंकलेखन होतं आणि संध्याकाळी मानेत कळ येते. खुर्चीत नीट बसा, तळवे जमिनीवर टेकवा, कोपर काटकोनात ठेवा आणि कुणाला तरी जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजायला सांगा. खरी उंची ती. तुमच्या बांध्याला ती २५ इंचांच्या आसपास येईल. इतकं खाली टेबल केलं तर घरातल्या बाकीच्यांचे गुडघे अडकतील, म्हणून २७ इंच करा, खुर्ची दोन इंच वर घ्या आणि पायाखाली एक लाकडी पाट ठेवा. फूटरेस्ट म्हणून विकत मिळणाऱ्या प्लास्टिकच्या वस्तूंपेक्षा मला पाट जास्त आवडतो. तो सरकत नाही, आणि फरशी पुसताना एका हाताने उचलता येतो. कीबोर्डसाठी सरकता ट्रे करू नका. तो मांड्यांना लागतो.

चार फुटी टेबल टाकून द्यायला नको. प्रिंटर, फायली, पंचिंग मशिन त्यावर जाऊ द्या, म्हणजे नव्या टेबलावर कागद साचणार नाहीत.

टेबलाची दिशा: खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला. पाठीशी घेतलीत तर दुपारी तीननंतर स्क्रीनवर फक्त खिडकी दिसेल, समोर घेतलीत तर मावळतीचं ऊन डोळ्यांत. टेबल भिंतीला चिकटवू नका. एक कारण ओल. दुसरं असं की आर्म घडी घालतो तेव्हा त्याचं कोपर मागे जातं. टेबल भिंतीला टेकलेलं असेल तर ते कोपर भिंतीवर आदळतं, मॉनिटर मागे सरकत नाही आणि तोंडाजवळ येऊन बसतो. अडीच फूट रुंदीची फळी मी याचसाठी सांगितली. भिंतीपासून ४ इंच सोडा, आर्मचे कोपर एकमेकांपासून बाहेरच्या बाजूंना वळवा, मग स्क्रीन डोळ्यांपासून हातभर लांब राहतात. त्याहून जवळ नकोत.

मॉनिटरकडे वळतो. २७ इंचांत १९२० बाय १०८० चा घेऊ नका, दुकानदार कितीही स्वस्तात देत असला तरी. तेवढेच ठिपके मोठ्या जागेत पसरतात. तुमच्या २४ इंचीवर इंचाला ९२ ठिपके आहेत, त्यावर फक्त ८२ होतील आणि एक्सेलमधले आकडे खरखरीत दिसतील. २५६० बाय १४४० चा, म्हणजे क्यूएचडी घ्या. इंचाला १०९ ठिपके पडतात आणि विंडोजमध्ये अक्षरांचं माप न वाढवता तसाच वापरता येतो. आडव्या एक्सेलमध्ये आजच्यापेक्षा एक तृतीयांश जास्त रकाने दिसतील. टॅली एका बाजूला आणि जीएसटीच्या २बीचा, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचा, तक्ता दुसऱ्या बाजूला उघडून जुळवणी करणाऱ्या माणसाला हा फरक रोज कळतो. फोरके, म्हणजे ३८४० बाय २१६० चा, घेतला तर अक्षरं आणखी सुबक, पण त्यात माप दीडपट करावं लागतं, आणि वेगळ्या मापाच्या दोन स्क्रीनमध्ये उघडलेल्या प्रोग्रॅमची खिडकी इकडून तिकडे नेली की काही जुन्या प्रोग्रॅमची अक्षरं धुरकट होतात. टॅलीवर काम असेल तर त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. पॅनेल आयपीएस हवा, म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग फिके पडत नाहीत; पाठीला आर्म बसवायची, व्हेसा मापाची चार भोकं हवीत, ७५ किंवा १०० मिमी अंतरावरची. काही स्वस्त मॉनिटरांना ती नसतात. तुमच्या जुन्याच्या पाठीला आहेत का, हे आजच बघून घ्या.

आणि जुना २४ इंची उभा करा. ही या उत्तरातली माझी सगळ्यात आवडती सूचना आहे. तुमच्याकडे पीडीएफ बिलं येतात, ती सगळी ए४ उभी. आडव्या स्क्रीनवर ए४ पान एक तर बारीक दिसतं किंवा अर्धं. २४ इंची उभा केला की त्याची रुंदी जवळजवळ ३० सेंमी होते आणि उंची ५३. पूर्ण पान, खऱ्या कागदापेक्षा मोठं, न सरकवता वाचता येतं. शिवाय जागा वाचते: दोन्ही आडवे ठेवले तर ११५ सेंमी लागतात, एक उभा केला की ९५ च्या आत. टेबलावर लॅपटॉप उघडा ठेवायला जागा उरते, त्यावर जीएसटीचं पोर्टल चालू ठेवा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘पोर्ट्रेट’ निवडा, आणि तिथले आकडे घातलेले चौकोन टेबलावर मॉनिटर ज्या क्रमाने आहेत तसेच ओढून ठेवा. हे राहून गेलं की उजवीकडच्या मॉनिटरवर जायला माउस डावीकडे न्यावा लागतो. विंडोज, शिफ्ट आणि डाव्या किंवा उजव्या बाणाचं बटण एकत्र दाबलं की खिडकी एका स्क्रीनवरून दुसऱ्यावर उडी मारते. चार दिवसांत बोटांना सवय होते.

२७ इंची अगदी समोर, त्याचा मध्य तुमच्या नाकासमोर. उभा मॉनिटर बाजूला, तुमच्याकडे किंचित वळवलेला. दोन्ही समान अंतरावर ठेवून मधली फट समोर आणायची पद्धत दिसायला छान असते, पण मग मान दिवसभर कुठल्या ना कुठल्या बाजूला वळलेली राहते. मुख्य स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा बोटभर खाली. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आणखी दोन इंच खाली आणि वर तोंड केलेला, नाहीतर काचेच्या खालच्या भागातून बघण्यासाठी हनुवटी उचलून बसावं लागतं.

आर्म गॅस स्प्रिंगचा घ्या, दोन स्वतंत्र किंवा एका क्लॅम्पवरचा जोड, कसाही. बघायचं ते वजन. खोक्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन्ही आकडे असतात आणि लोक फक्त दुसरा वाचतात. २४ इंची मॉनिटर स्टँडशिवाय ३-४ किलोच भरतो. आर्मची खालची मर्यादा त्याहून जास्त असेल तर मॉनिटर सोडला की आपोआप वर चढतो. लावल्यावर अ‍ॅलन कीने ताण जुळवायचा असतो, तो दोन्ही आर्मचा वेगवेगळा. व्हेसाचे स्क्रू एम४ मापाचे, सोबत मिळतात तेच वापरा. जास्त लांब स्क्रू आत जाऊन पॅनेलला लागतो.

जोडणीचं. लॅपटॉपला एक एचडीएमआय आणि एक टाइप-सी आहे असं लिहिलंय. एचडीएमआयवर २७ इंची लावा, जुन्या १.४ आवृत्तीचा पोर्ट असला तरी २५६० बाय १४४० हे ६० हर्ट्झवर चालतं. टाइप-सीचं मात्र नुसतं भोक बघून ठरत नाही. काही टाइप-सीमधून चित्र जातं, काहींतून फक्त चार्जिंग आणि फायली. भोकाशेजारी डीपी अक्षरांची खूण किंवा थंडरबोल्टचा विजेसारखा बाण असेल तर चित्र जातं. खूण नसेल तर मॉडेल क्रमांकावरून कंपनीची माहिती वाचा. जात नसेल तर डिस्प्लेलिंक प्रकारचा डॉक, म्हणजे साध्या यूएसबीतून चित्र काढून देणारा जोडखोका, लागेल. तो वेगळा ड्रायव्हर मागतो, आणि लॅपटॉप ऑफिसचा असेल तर तो टाकायची परवानगी आयटीकडून आधी घ्या, डॉक विकत घेतल्यानंतर नाही. उद्या मॅक घेतलात तर एवढं लक्षात ठेवा, की मूळ एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुकना बाहेरचा एकच स्क्रीन चालतो.

आता वायरी, म्हणजे पुन्हा टेबलाचं पोट. मागच्या कडेखाली, दुहेरी पट्टीच्या पुढे, लोखंडी जाळीचा ट्रे स्क्रूने लावा. त्यात स्पाइक गार्ड आणि सगळे अ‍ॅडाप्टर. बंद खोकं नको, जाळीच हवी, अ‍ॅडाप्टर तापतात. फळीला मागे ६० मिमीचं वायर मॅनेजरचं एक भोक सुताराकडून पाडून घ्या, दोन नकोत. मॉनिटरच्या वायरी आर्मला धरून खाली, भोकातून ट्रेत. प्रत्येक वायर २ मीटरची घ्या, कारण दीड मीटरची आर्मवरून फिरून येईपर्यंत संपते. आर्मच्या प्रत्येक सांध्यापाशी वायरीला मूठभर ढील सोडा. हे मी नुकसान सोसून शिकलो: सुरुवातीच्या काळात एका कामात वायरी झिप टायने चापून बांधल्या, दिसायला रेघेसारख्या सरळ. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांनी मॉनिटर उभा फिरवला आणि एचडीएमआयचा पोर्ट आतल्या बोर्डावरून उखडला. तेव्हापासून हलणाऱ्या भागावर फक्त वेल्क्रोची पट्टी, तीही सैल. बांधायच्या आधी मॉनिटर सगळ्या बाजूंना फिरवून बघा, मग तीन-चार दिवस तसंच काम करा. त्या दिवसांत काही ना काही जागा बदलतेच. पक्कं बांधणं रविवारी.

प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदी टेप गुंडाळून नाव लिहा. सहा महिन्यांनी ट्रेत हात घालून काळ्या वायरींपैकी नेमकी कुठली काढायची हा प्रश्न पडतो, आणि चुकीची ओढली तर राउटर बंद पडतो, तेही बरोबर २० तारखेला ३बी, म्हणजे जीएसटीचं मासिक विवरणपत्र, भरताना. जाळीचे ट्रे, वेल्क्रोचे रोल, पीव्हीसी पट्ट्या हे सगळं तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं.

राहिली वीज जाण्याची गोष्ट. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, त्याला यूपीएसवर लावू नका. ६०० व्हीएचा साधा यूपीएस घ्या आणि त्यावर फक्त दोन मॉनिटर आणि राउटर. आतली बॅटरी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची असते. साठ-पासष्ट वॅटवर नवी बॅटरी अर्धा तास तरी निघावी. वीज गेल्यावर उभा मॉनिटर बंद केलात तर आणखी थोडी. यूपीएस जमिनीवर नको, उरलेल्या प्लायच्या मांडणीवर, टेबलाच्या पायाला धरून, ओल्या फरशीपासून वीतभर उंच आणि चारही बाजूंनी मोकळा. ही बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि आधी काही सांगत नाही. आपल्या पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवतात ती बहुतेक गुरुवारी. सगळं बसवून झालं की पुढच्या अशा गुरुवारी घड्याळ लावून बघा यूपीएस किती मिनिटं टिकतो. तो आकडा आणि तारीख टेपवर लिहून यूपीएसला चिकटवा. दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. आकडा निम्म्यावर आला की ११ तारखेच्या, म्हणजे जीएसटीआर-१ भरायच्या मुदतीच्या, आत बॅटरी बदला.